खिडकीच्या अलीकडचं टेबल

(कॉलेजप्रवेशाच्या दिवसांत जिवतीला मदतीचं टेबल टाकायला निघालेल्या मुलामुलींसमोर चंद्रपुरात केलेलं भाषण. बोललं गेलं तसंच ठेवलं आहे.)



तुम्ही बहुतेक शहरातले. कुणी बल्लारपूरचे, कुणी नागपूरच्या इंदोऱ्याचे, दोघंतिघं पुण्याहून सुट्टीला आलेले. पुढच्या आठवड्यात गडचांदूरवरून माणिकगडचा डोंगर चढणार आणि जिवतीला टेबल टाकून बसणार. त्याआधी यांच्याशी जरा बोला म्हणून मला बोलावलं. पत्रिकेवर विषय छापलाय ‘करिअर मार्गदर्शन’. हा शब्द मी आधी बाजूला ठेवतो. करिअर मार्गदर्शन म्हणजे कोट घातलेला एक माणूस येतो, पडद्यावर विमान, डॉक्टर, कलेक्टर अशी चित्रं दाखवतो, ‘स्वप्नं मोठी बघा’ म्हणतो आणि शाल-नारळ घेऊन खाली उतरतो. जिवतीच्या पोराकडं स्वप्नांची टंचाई नाही. टंचाई आहे ती पणजोबाच्या कागदाची.

ज्याच्या घरात तीन पिढ्या कॉलेज शिकल्या, त्याला सल्ला मागावा लागत नाही. तो जेवताना ताटात पडतो. मामा प्राध्यापक, आत्या बँकेत, शेजारचे काका तहसीलीत. कुठल्या विषयाला पुढं वाव आहे, कुठला मास्तर शिकवतो आणि कुठला नुसताच येतो, फॉर्मात कुठला रकाना रिकामा सोडायचा, तारीख चुकली तर कुणाच्या दारात उभं राहायचं, हे सगळं त्या पोराला न विचारता कळतं. पुढं हाच पोरगा म्हणतो, मी मेरिटवर आलो. अरे बाबा, तू आलास पण तुझ्यासोबत तुझा मामाही आला होता, तो रांगेत दिसला नाही एवढंच. सल्ला ही वारशाची इस्टेट आहे. शेतीवाडीसारखी बापाकडून मुलाकडं जाते, फक्त तिचा सातबारा निघत नाही. आपल्या लोकांना जमीन मिळाली नाही हे आपण घसा फोडून बोलतो. ही दुसरी इस्टेटही मिळाली नाही, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही, कारण ती दिसत नाही.

बाबासाहेबांचंच बघा. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं, हे आपल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण केळुसकरांनी दुसरंही एक काम केलं. इंटर झाल्यावर शिक्षण अडलं तेव्हा हा माणूस त्या पोराला घेऊन सयाजीराव महाराजांकडं गेला आणि महिन्याला २५ रुपयांची शिष्यवृत्ती पदरात पाडून आला. पुस्तक देणारे पुष्कळ भेटतात. सोबत चालत जाणारा मिळत नाही. आणि विषय निवडण्याचं म्हणाल तर संस्कृत शिकायचं होतं, ते अस्पृश्य म्हणून नाकारलं आणि फारसी घ्यावी लागली. तेव्हा ‘विषयनिवड’ हा शब्द कॉलेजच्या माहितीपत्रकात गोंडस दिसत असला तरी आपल्या इतिहासात त्याला दुसरा वास आहे.

आता जिवतीकडं येतो.

तिथं पोचलात की पहिल्यांदा चकराल ते बोली ऐकून. जिल्हा चंद्रपूरचा, पण माणसं ‘काय करायलाव’, ‘कुठं जायलाव’ बोलतात. ही भाषा नांदेड-लातूरची. साठच्या दशकापासून, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर तर रांगच लागली, मराठवाड्यातनं माणसं पोट हातात घेऊन या डोंगरावर आली. बौद्ध आले, मातंग आले, बंजारा आले, इतरही आले. त्यांच्याआधी इथं कोलाम आणि गोंड होतेच, पिढ्यान् पिढ्या. हा मुलूख तेव्हा राजुरा तालुक्यात. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात. मग तीनेक वर्षं नांदेड जिल्ह्यात. १९५९ ला चांदा जिल्ह्याला जोडला. पुढं त्याच जुन्या राजुऱ्यातून कोरपना, जिवती असे तालुके निघाले. माणूस जागचा हलला नाही तरी त्याचं दप्तर तीन जिल्हे फिरलं. जो हलला त्याचं तर विचारूच नका.

हा इतिहास मी करमणुकीसाठी सांगत नाही. टेबलावर पहिला जो पोरगा येईल त्याच्या जातीच्या दाखल्यात हा सगळा इतिहास अडकलेला असतो.

महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याला ठरलेल्या तारखा आहेत. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०. विमुक्त जाती, भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. या तारखा पाठ करा, वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा, काहीही करा. त्या तारखेला तुमचा पूर्वज जिथं राहत होता, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून दाखला घ्यायचा. समजा एक पोरगी आली. बौद्ध. जन्म जिवतीचा, बापाचा जन्मही जिवतीचा. आजोबा १९७३ ला मुखेडकडून आलेले. हिनं मुखेड पाहिलेलंसुद्धा नाही. पण हिची जात मुखेडला राहते! हिला दाखला काढायचा तर नांदेड जिल्ह्यात जायचं, जातीची वैधता तपासणारी समितीही त्याच जिल्ह्याची. बाप मजूर. एका खेपेला दोन दिवसांची मजुरी बुडते आणि खेपा एकदोन नसतात.

आणि तिथं जाऊन काय शोधायचं? १९५० च्या आधीची नोंद. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. इकडं चंद्रपुरात त्यालाच दाखल-खारीज म्हणतात, नीट लक्षात ठेवा, नाहीतर तुम्ही एक मागाल आणि ते दुसरं शोधत बसतील. जन्म-मृत्यूची नोंद. १९५४ चं खासरा पत्रक. १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. आता गंमत बघा. ज्या पणज्याला शाळेत बसू दिलं नाही त्याच्या शाळेचा उतारा मागतात. ज्याच्या नावावर वीतभर जमीन होऊ दिली नाही त्याचा खासरा मागतात. म्हणजे आधी गावाबाहेर ठेवायचं आणि मग विचारायचं, तू गावात होतास याचा पुरावा काय? यापेक्षा मोठा विनोद कुठल्या तमाशातल्या सोंगाड्यानं केला नसेल.

अशा नोंदी सापडूच शकत नाहीत असं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला. कचेऱ्याकचेऱ्यांतली दप्तरं उघडली, उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं बसवली, हैदराबादपर्यंत माणसं गेली. पुढं २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासननिर्णयही निघाला. कुणाला काय मिळावं, न मिळावं हा वाद आज माझ्यापुढं नाही. मला एवढंच दिसतं की सरकारनं मनात आणलं तर निजामाच्या काळातला कागद शोधता येतो. मग तोच कागद शोधायला मुखेडच्या मजुराच्या पोरीला एकटीला एस.टी.नं का पाठवता? हा प्रश्न मोर्चात विचारायचा. टेबलावर विचारायचा नाही. टेबलावर पोरीचं काम करायचं.

ते काम कसं होतं ते ऐका. पहिला प्रश्न तिच्या टक्क्यांचा विचारू नका. ‘तुझ्या बापाच्या भावकीत कुणाची जात वैधता झालीय का?’ हे विचारा. चुलत चुलता, चुलत आजा, बापाकडचा कुठलाही रक्ताचा नातेवाईक. असेल तर अर्धं काम झालं. बापाची किंवा बापाकडच्या नातलगाची वैधता रीतसर चौकशी होऊन मिळालेली असेल तर पोराला पुन्हा तेच दळण दळायला लावू नये, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१० सालचा निकाल आहे. नोकरीतला एखादा चुलता सापडतोच. तो नांदेडला असतो, औरंगाबादला असतो, त्याचा आणि यांचा बोलणं-चालणं बंद असतो. तुम्ही फोन लावा. भाऊबंदकी मोडायला तिसरा माणूस लागतो, आणि तो शहरातला शिकलेला असला तर आवाज जरा वजनदार वाटतो. तुमच्या शहरीपणाचा एवढा एक उपयोग आहे, तो करून घ्या.

दुसरं, बौद्ध मुलांचे टी.सी. नीट वाचा. आज्याच्या नोंदीत ‘महार’, बापाच्या नोंदीत ‘हिंदू महार’, पोरीच्या नोंदीत ‘बौद्ध’. तिच्या घरातल्या माणसांनी माणूस व्हायचं ठरवलं त्याचीच ही खूण, पण तपासणाऱ्याला त्यात विसंगती दिसते. १९९० च्या दुरुस्तीनं बौद्धांना केंद्राच्या यादीतही घेतलं, तरी खिडकीवरचा एखादा महाभाग अजून ‘बौद्ध म्हणजे जात कुठंय?’ असं विचारतो. त्याच्याशी भांडत बसू नका. धर्मांतरित अनुसूचित जातीच्या दाखल्याचा नमुना वेगळा असतो, तोच भरलाय ना, एवढं बघा. भांडण दुपारनंतर करा, खिडकी बंद झाल्यावर.

कोलामाच्या पोराची तऱ्हा आणखी वेगळी. महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदलेल्या तीन जमाती आहेत, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. त्यातला हा. घरी कोलामी बोलतो, मराठी त्याची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. तुमच्यासमोर तो गप्प बसेल. तो मठ्ठ नाही, तुमच्या मराठीचा वेग त्याला झेपत नाही. हळू बोला. आणि त्याच्या जमातीच्या वैधतेचं दप्तर गडचिरोलीला आहे, चंद्रपूरला नाही. जिवतीहून घाट उतरायचा, गडचांदूर, राजुरा, चंद्रपूर, आणि तिथून पुढं ऐंशीएक किलोमीटर. एका दिवसात जाऊन येणं होत नाही. रात्री कुठं राहणार ते आधी ठरवून द्या, नाहीतर पोरगं एस.टी. स्टँडवर झोपतं.

आणि सीमेवरची गावं. जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगत आलेत. एकाच गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा, एकाच माणसाकडं दोन रेशनकार्डं. मतं मागायला दोघंही येतात. बंजाऱ्याचं पोर तिकडं लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत, इकडं विमुक्त जाती ‘अ’ मध्ये. तेव्हा या गावांतनं कुणी आलं तर दहावी-बारावी कुठल्या राज्यातनं केली ते आधी विचारा. व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशात सगळा हिशोब त्यावर फिरतो. तिकडं इंटर करून इकडं फॉर्म भरणारं पोर कुठल्या रकान्यात बसतं, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, बी.ए.ला कुठं वैधता लागते? बरोबर आहे. तिथंच घोळ आहे. साध्या पदवीला लागत नाही म्हणून आपलं पोर काढत नाही. बारावी विज्ञानाचं पोरगं सीईटी देतं, मार्क मिळवतं, राखीव जागेवर नंबर लागतो, आणि मुदतीत वैधता दिली नाही म्हणून खुल्या गटात ढकललं जातं. खुल्या गटाची फी ऐकून बाप उठून उभा राहतो. म्हणून जिवतीला जाल तेव्हा बारावी झालेल्यांच्या मागं उभी असलेली अकरावीची पोरं आहेत ना, नुसतीच बघायला आलेली, त्यांनाही धरा. विज्ञान शाखेच्या पोरांचा वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करता येतो. यंदा जे आलेत त्यांच्यासाठी उशीर झाला असेल, यांच्यासाठी नाही.

आता पैशाचं.

१९४४ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच आजची भारत सरकार शिष्यवृत्ती. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. फी सरकार भरतं, वर निर्वाहभत्ता. २०२१ साली ठरवलेल्या दरानं, घरून येजा करणाऱ्या साध्या बी.ए.च्या अनुसूचित जातीच्या पोराला तो वर्षाला ३,००० रुपये पडतो. महिन्याला अडीचशे. सयाजीरावांचे २५ रुपये शंभरावर वर्षांपूर्वीचे होते, हे आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. त्रैराशिक तुम्हाला येतं.

त्यातही २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट पोराच्या खात्यात जातो. ऐकायला क्रांतिकारक वाटतं. होतं काय की खात्यात फी आणि भत्ता एकत्र येतो. घरात त्याच आठवड्यात बियाण्याचं उधार असतं, आईचं दुखणं असतं. पैसे मोडतात. आणि सात दिवसांत फी कॉलेजात भरायची असते हे कुणी सांगितलेलं नसतं. मग कॉलेज निकाल अडवतं, टी.सी. अडवतं. पोर म्हणतं, मी चोरी केली. चोरी नाही रे बाबा, तुला पावती वाचायला कुणी शिकवलं नाही. हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा, कागदावर लिहून द्या: यातला एवढा पैसा तुझा, एवढा कॉलेजचा.

फॉर्म भरताना काय काय बघायचं ते भराभर सांगतो. बँकखात्याला आधार जोडलेलं हवं, नुसतं खातं असून चालत नाही. मोबाइल नंबर पोराचा स्वतःचा हवा. ऑनलाइनच्या दुकानवाल्याचा नंबर टाकलेला असतो, मग ओटीपी त्याच्याकडं जातो आणि दर खेपेला पन्नास रुपये मोजावे लागतात. बापाचा नंबर असेल तर बाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेला असतो. गुणपत्रिका, आधार आणि टी.सी. या तिन्हींवर नाव एकाच तऱ्हेनं लिहिलेलं आहे का ते अक्षर न् अक्षर बघा. आणि दुसऱ्या वर्षी अर्ज पुन्हा करावा लागतो हे दहा वेळा सांगा. एकदा मिळाली की मिळतच राहते असं घरी सगळ्यांना वाटतं. शिष्यवृत्तीस पात्र पोराकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षणशुल्क मागू नये, असे सरकारचे आदेश वेळोवेळी निघालेत. त्यांची झेरॉक्स टेबलावर ठेवा. मी शिकलो त्या कॉलेजात, नाव घेत नाही, कारकून म्हणायचा, ‘आधी भरा, मग आलं की परत घ्या.’ तिसऱ्या वर्षापर्यंत ते परत आलं नव्हतं.

वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी. २०१६-१७ पासूनची. मुंबई-पुण्याला वर्षाला ६० हजार, लहान गावाला त्याहून कमी. आदिवासींना स्वयं योजना आहे. पण आधी वसतिगृहाचा अर्ज, तो नाकारला गेला की मग हे. उलट क्रमानं गेलं तर दोन्ही जातात.

मुलींच्या बाबतीत एक बोलायचं आहे. मुलीसोबत बाप किंवा भाऊ येईल आणि तोच बोलेल. ‘हिला इथंच बी.ए. करायचंय.’ खुर्ची दोघांना द्या. त्यांना चहा पाजा, आणि आपल्यातल्या मुलीला तिच्याशेजारी बसवा. दहा मिनिटांत ती खरं काय ते सांगते. नर्सिंगला जायचं असतं, पण चंद्रपूरला राहायचं कुठं हे माहीत नसतं म्हणून बाप ‘नाही’ म्हणतो. शासकीय वसतिगृहाचा पत्ता, गृहपालाचा फोन नंबर आणि तिथं आधीच राहणारी जिवतीची एखादी मुलगी, एवढ्यावर बापाचं ‘नाही’ बऱ्याचदा ढिलं होतं. त्याला जुनाट, मागासलेला म्हणून भाषण देऊ नका. त्याची भीती खोटी नाही. आणि तिला पहिल्याच भेटीत ‘काय गं’ करू नका. ताई म्हणा. खिडकीवर तिला दिवसभर ‘ए’ ऐकायचंच असतं.

आता विषयनिवड. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला नवीन शैक्षणिक धोरण आलं. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून. तिथंही हेच. आता फॉर्मावर मेजर, मायनर, खुला ऐच्छिक, कौशल्याचा, मूल्यशिक्षणाचा, भारतीय ज्ञान प्रणालीचा असे डब्यासारखे रकाने आहेत. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट. माहितीपत्रक म्हणतं, विद्यार्थी हवा तो विषय निवडेल. डोंगरावरच्या कॉलेजात जेवढे मास्तर तेवढेच विषय. निवडायचं कशातनं? ताटात एकच भाकर वाढायची आणि म्हणायचं, जे आवडेल ते घे! आणि तीही निवड पोरगं करत नाही. पुढच्याच्या फॉर्मात बघून लिहितं. जो विषय पुढच्यानं घेतला तो यानं घेतला. पुढं एम.ए.ला जायचं ठरलं की कळतं, आपला मेजर काय होता.

म्हणून फॉर्म भरण्याआधी पंधरा मिनिटं द्या. मेजर म्हणजे ज्यात तुझी पदवी होणार तो. त्या विषयाला कॉलेजात पूर्णवेळ शिक्षक आहे का, ते वरच्या वर्गातल्या पोरांना विचारून या. मायनर असा घे की मेजर अडला तर त्याच्या आधारानं पुढं जाता येईल. भाषेच्या पेपरात इंग्रजी दिसली की पळू नकोस, पहिल्याच सत्रापासून आपण शनिवारी शिकवू. हे शेवटचं वचन द्यायचं असेल तरच द्या. दिलं तर शनिवारी घाट चढावा लागेल.

भारतीय ज्ञान प्रणाली नावाचा एक रकाना आहे, त्याच्यावर एक वाक्य बोलून सोडतो. कोलामाच्या पोराला त्याच्या जंगलातल्या शंभर झाडांची नावं, गुण, मोसम तोंडपाठ असतात. त्याचे त्याला किती क्रेडिट मिळणार ते बघून मला कळवा.

या धोरणात एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. तिला म्हणतात ‘बहुविध प्रवेश, बहुविध निर्गमन’. पहिलं वर्ष करून सोडलं, ४० ते ४४ क्रेडिट झाले आणि वर चार क्रेडिटचं कौशल्याचं काम केलं, की प्रमाणपत्र. दुसऱ्या वर्षानंतर सोडलं तर पदविका. पुढं हवं तेव्हा परत या. मोठ्या शहरात, बापाच्या पैशावर एक वर्ष जग बघून येणाऱ्या पोराला ही सोय असेल. जिवतीत पोर कॉलेज का सोडतं? पैसे आले नाहीत, बहिणीचं लग्न निघालं, बाप घाटात पडून हात मोडला. पूर्वी याला गळती म्हणायचे. गळती म्हटलं की निदान कुणीतरी विचारायचं, का गळालं? आता त्याच्या हातात प्रमाणपत्र देतील आणि नोंद होईल की हा विद्यार्थी यशस्वीपणे बाहेर पडला. हाकलून लावलेल्याला पाहुण्यासारखा निरोप! आणि बाहेर त्या वर्षाच्या प्रमाणपत्रावर कोण काय देणार? गडचांदूरच्या सिमेंट कंपनीच्या फाटकावर ठेकेदार तो कागद बघत नाही, दंड बघतो.

म्हणून टेबलावर कुणी विचारलं, ‘दादा, एका वर्षात सर्टिफिकेट मिळतं म्हणे?’ तर हो, मिळतं, असं सांगून मोकळे होऊ नका. तो प्रश्न विचारणारं पोर आत्ताच दारात उभं आहे, बाहेर जायच्या. त्याला विचारा, एका वर्षानं काय होणार आहे घरात? उत्तर नेहमी पैशाचं किंवा लग्नाचं असतं. दोन्हीवर अजून वर्षभर वेळ आहे. त्याचं नाव वहीत लाल पेननं लिहा आणि दिवाळीनंतर त्याच्या घरी जा. कापूस वेचायच्या दिवसांत वर्गातली हजेरी बघा, कोण गेलं ते कळेल.

तुम्ही म्हणाल, हे सगळं कॉलेजचं काम आहे. आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ साली नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची एक मार्गदर्शिका काढली. नाव काय, तर ‘दीक्षारंभ’. आपल्याला दीक्षा म्हटलं की १४ ऑक्टोबर १९५६ आठवतो, आणि चंद्रपूरकरांना १६ ऑक्टोबर, कारण नागपूरनंतर बाबासाहेब इथं आले होते. त्यांची दीक्षा वेगळी. पण कागद वाचाल तर त्यात वाईट काही नाही. नव्या पोरांना शिक्षकांशी, वरच्या वर्गातल्यांशी जोडून द्या, मार्गदर्शक नेमा, असं सगळं लिहिलंय. प्रत्यक्षात पुष्कळ कॉलेजांत काय होतं? एक हार, एक दीपप्रज्वलन, संस्थाचालकांचं तासभर भाषण, पेढा. आणि एक फाईल. प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढं वीस-पंचवीस पोरांची नावं. नॅकची समिती यायची असली की ती फाईल कपाटातनं बाहेर येते. ज्या पोराचं नाव त्यात आहे त्याला माहीत नसतं की आपल्याला एक मार्गदर्शक आहे!

त्या फाईलचा आपण उपयोग करायचा. प्राचार्यांना भेटा, सभ्यपणे, आणि म्हणा, पहिल्या वर्षाची ती यादी फलकावर लावा. कोणतं पोर कोणत्या सरांकडं, ते सगळ्यांना दिसू द्या. तासिका तत्त्वावर राबणारे शिक्षक असतात, त्यांचा पगार तुम्हाला माहीत आहे, त्यांच्यावर चढून जाऊ नका. त्यांच्यातलेच दोघंतिघं असे निघतात की जे स्वतः याच वाटेनं आलेत. ते तुमच्या टेबलाकडं संध्याकाळी हळूच येतील. त्यांना धरून ठेवा. यवतमाळला २०१७ साली राजू केंद्रेंनी एकलव्य सुरू केलं ते याच कामासाठी, घरात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणाऱ्या पोरांना देशातल्या मोठ्या विद्यापीठांचा रस्ता दाखवायला. जिवतीतलं एखादं पोर त्या रस्त्याचं असेल तर त्याला तिकडं जोडून द्या. पण सगळ्यांना ‘दिल्लीला जा’, ‘यूपीएससी कर’ असं सांगत सुटू नका. ज्याला राजुऱ्याला राहून बी.एस्सी. करायचंय, त्याला राजुऱ्याच्या बसची वेळ आणि पासाची सवलत सांगणं हाही सल्लाच आहे.

आणि एक. आपल्याकडं असं काम हलकं समजतात. मोर्चा म्हणजे चळवळ, कविता म्हणजे चळवळ, फॉर्म भरणं म्हणजे कारकुनी. १९७२ साली मुंबईत जी पोरं उठली, त्यातली कितीतरी वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात राहणारी किंवा तिथं येजा करणारी होती. वसतिगृहाची खोली कुणीतरी कधीतरी फॉर्म भरूनच मिळते.

बोलणं लांबलं. कामाचं सांगतो. टेबल साडेनवाला लागलं पाहिजे, कारण खेड्यावरची पहिली जीप तेव्हा येते आणि शेवटची चारच्या सुमारास परत जाते. चारनंतर आलेल्याला उद्या या म्हणू नका, त्याच्या गावी फोन लावून राहायची सोय करा. नेटवर्क मधनंच जातं, म्हणून कोरे फॉर्म छापून न्या आणि सगळं आधी पेननं भरून घ्या. झेरॉक्सला शंभर-दीडशे रुपये सुटे ठेवा. मूळ कागद कुणाचाही, एका मिनिटासाठीसुद्धा, आपल्याजवळ ठेवून घेऊ नका. एक वही गावानुसार, एक वही तारखांनुसार. उर्दू वाचता येणारं कुणी ओळखीत असेल तर त्याचा नंबर आजच द्या.

सोमवार ते शनिवार, रोज चौघं, त्यात दोन मुली. सोमवारला कोण येतंय, हात वर करा.